गुहेत खणायचं कुठे, हे वाऱ्याला विचारा

गुहेचा विषय निघाला की लोक दोनच गोष्टी विचारतात, आत खजिना सापडला का आणि भुयार कुठपर्यंत जातं. व्हिडिओवाल्यांनी तर याचा बाजार मांडलाय, शाप काय, आत्मे काय, आणि गुहेच्या तोंडातून गार वारा आला की झालंच, "गुहा श्वास घेते" म्हणून घाबरवायचं. मला याचा मनापासून राग येतो, कारण तो वारा हीच गुहेतली सगळ्यात भारी गोष्ट आहे आणि तिचं सरळ गणित मांडता येतं.

बऱ्याच छोट्या गुहा थोड्या अंतरावर गाळाने नाहीतर पडलेल्या दगडांनी बंद होतात. आता ती गुहा खरंच तिथे संपली की नुसती बुजली आहे? मी आणि माझा मित्र एका लहानशा चुनखडीच्या गुहेत (जागामालकाला विचारूनच) खणतो तेव्हा आधी खुरपं नाही, उदबत्ती काढतो. पोटावर पडून, श्वास तोंड फिरवून सोडत, उदबत्ती भिंतीच्या कडेने हळूहळू सरकवायची. धूर सरळ वर जात असतो, आणि मग एखाद्या फटीपाशी तो आडवा होतो आणि आत खेचला जातो. खणायचं तिथे.

वारा दोन कारणांनी वाहतो. पहिलं सोपं आहे. गुहेत खोलवर तापमान वर्षभर जवळपास तेच असतं, साधारण बाहेरच्या वार्षिक सरासरीइतकं. गुहेला एक तोंड खाली आणि एक वर असेल तर थंडीत आतली उबदार, हलकी हवा वरून बाहेर पडते आणि खालून गार हवा आत ओढली जाते, उन्हाळ्यात बरोबर उलटं. आत १५ अंश, बाहेर ३० अंश आणि दोन तोंडांत ५० मीटर उंचीचा फरक धरला तर दाबातला फरक येतो जेमतेम ३० पास्कल, म्हणजे वातावरणाच्या दाबाचे तीन हजार भाग केले तर त्यातल्या जेमतेम एका भागाइतका, तरी तेवढ्यावर गालाला झुळूक कळते. बाहेरचं आणि आतलं तापमान सारखं झालं की वारा थांबतो, त्यामुळे एका खेपेला धूर हलला नाही म्हणून जागा सोडायची नाही.

दुसरं कारण माझं लाडकं. गुहेला एकच तोंड असलं तरी वारा वाहतो, कारण बाहेरचा हवेचा दाब सतत बदलत असतो. दाब उतरला की आतली हवा फुगून बाहेर येते, चढला की बाहेरची आत शिरते. समजा फटीमागे १ लाख घनमीटर पोकळी आहे आणि वादळी हवेमुळे दाब १० तासांत १० हेक्टोपास्कलने, म्हणजे साधारण १ टक्का उतरला. मग आतली १ टक्का हवा, म्हणजे १००० घनमीटर, बाहेर यायलाच हवी. तासाला १०० घनमीटर, सेकंदाला सुमारे २८ लिटर. फट १० बाय १० सेंटीमीटरची असेल तर वाऱ्याचा वेग सेकंदाला जवळपास २.८ मीटर! आता हेच गणित उलटं करा. वेग मोजा, फट मोजा, दाब किती उतरला ते बॅरोमीटरवर बघा, आणि ज्या पोकळीत अजून कोणी पाऊल टाकलेलं नाही तिच्या आकाराचा अंदाज बाहेर बसून येतो. (अट एकच, वारा पहिल्या कारणाचा नसावा, म्हणून दिशा तापमानाबरोबर पलटते की दाबाबरोबर, हे काही दिवस वहीत टिपायचं.) अमेरिकेतल्या साउथ डकोटामधल्या विंड केव्हला नाव पडलं ते याच वाऱ्यामुळे.

१९७४ मध्ये अ‍ॅरिझोनात गॅरी टेनन आणि रँडी टफ्ट्स या दोन मित्रांना एका खड्ड्याच्या तळाशी अरुंद फटीतून उबदार, दमट, वटवाघळांचा वास असलेली हवा येताना जाणवली. आत सरपटत गेल्यावर पुढे वारा सोडणारं एक छोटं भोक लागलं, ते हातोडी-छिन्नीने रुंद केलं, आणि पलीकडे निघाली आजची कार्चनर कॅव्हर्न्स ही गुहा. गुहा खराब होऊ नये म्हणून दोघांनी ती कित्येक वर्षं गुप्त ठेवली.

जिथे वारा नाही तिथे खणताना वेगळी काळजी लागते. दोघंजण अंग मोडून काम करतात, आपल्या उच्छ्वासात सुमारे ४ टक्के कार्बन डायऑक्साइड असतो, आणि बंद कोपऱ्यात तो साचतो. "मेणबत्ती जळतेय म्हणजे हवा चांगली" हा समज धोकादायक आहे. ज्योत विझते ती ऑक्सिजन १६ टक्क्यांच्या आसपास उतरला की, तोपर्यंत कार्बन डायऑक्साइड डोकं दुखण्याइतका, धाप लागण्याइतका वाढलेला असू शकतो. म्हणून मीटर हवा. नसेल तर धाप लागताच बाहेर यायचं, उरलेलं घमेलं तसंच टाकून.

आम्ही एकजण पुढे खणतो, दुसरा दोरीने घमेलं मागे ओढतो. रचून राहिलेल्या दगडांच्या ढिगाचा खालचा दगड कधीच काढत नाही. मातीत हाडं किंवा खापरं दिसली तर खणणं तिथेच बंद, तो पुरातत्त्ववाल्यांचा प्रांत. आणि भोक मोठं झालं की आतला ओलावा बाहेर पळतो, लवणस्तंभ सुकायला लागतात. कार्चनरला पर्यटकांसाठी म्हणूनच एकामागोमाग हवाबंद दारं बसवलीत. आम्ही निघताना फटीत मातीची पोती दाबून ठेवतो.