थकलेल्या भाड्याची नोटीस: दावा कुठे अडतो
(घरमालक ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 15 नुसार, थकबाकीची लेखी नोटीस भाडेकरूला पोचून 90 दिवस उलटल्याशिवाय थकबाकीपोटी ताब्याचा दावा लावता येत नाही. नोटिशीत खोट निघाली, तर भाडे खरोखर थकलेले असूनही ते कारण कोर्टात टिकत नाही. मग नवी नोटीस, पुन्हा 90 दिवस आणि नवा दावा.

सगळ्यात जास्त घोळ दिवस मोजण्यात होतो. नोटिशीवर तारीख 3 मार्च, भाडेकरूची सही 10 मार्चची. मोजणी 11 मार्चपासून धरायची. 90 दिवस 8 जूनला संपतात, दावा 9 जूनपासून. 3 मार्चपासून मोजून 3 जूनला लावलेला दावा मुदतीआधीचा ठरतो. 1947 च्या जुन्या कायद्यात मुदत एक महिन्याची होती. त्या काळचा मसुदा अजून काही ठिकाणी जसाच्या तसा टाइप होतो आणि महिना भरताच दावा लावला जातो. तो मसुदा वापरूच नका.

नोटीस पोचल्याचा पुरावा तितकाच जपा. टपालाची पावती, सहीची पोचपावती, आणि पाकीट परत आले तर ते न फोडता, शेऱ्यासकट ठेवा. पत्ता बरोबर असताना ‘घेण्यास नकार’ असा शेरा आला, तर कोर्ट सहसा नोटीस पोचली असे धरते. ‘घर बंद’ वर वाद होतो. दुकानाचा भाडेकरू गावी किंवा शेतात असेल, तर दुकानाबरोबर त्याच्या राहत्या घरीही नोटीस पाठवा.

नावात हमखास चूक होते. बाजारात सगळे ‘आप्पा’ म्हणतात, पण भाडेपावतीवर पूर्ण नाव असते. पूर्ण नावच लिहा, टोपणनाव ‘उर्फ’ म्हणून जोडा. मूळ भाडेकरू वारला असेल, तर आता जागा वापरणाऱ्या सर्व वारसांची नावे घाला. मालकाच्या बाजूनेही तेच: वडिलांच्या पश्चात भाडे थोरला भाऊ घेत असला, तरी सिटी सर्व्हे उताऱ्यावर ज्यांची नावे आहेत त्या सर्वांतर्फे नोटीस द्या.

हिशोब महिन्यांनिशी मांडा: कुठल्या महिन्यापासून कुठल्यापर्यंत, दरमहा किती, जमा किती, बाकी किती. वीजबिल आणि दुरुस्तीचा खर्च भाड्यात मिसळू नका. तीन वर्षांपूर्वीची बाकी मुदतबाह्य असते, तीही बेरजेत ओढू नका. जागेचा घर क्रमांक, सिटी सर्व्हे नंबर आणि चतुःसीमा लिहा.

एक कळकळीचे सांगणे: 90 दिवसांत भाडेकरूने पूर्ण रक्कम मनिऑर्डरने पाठवली, तर रागाने परत करू नका. परत आलेली मनिऑर्डर भाडे द्यायला तो तयार होता याचा पुरावा बनते. दावा लागल्यावरही त्याला संधी आहे: समन्स मिळाल्यापासून 90 दिवसांत थकबाकी, 15 टक्के सरळ व्याज आणि दाव्याचा खर्च कोर्टात भरला आणि पुढचे भाडे नियमित भरत राहिला, तर या कारणावर ताबा मिळत नाही.

जागेची खरी गरज, पोटभाडेकरू ठेवणे, मालकाच्या लेखी संमतीविना पक्के बांधकाम या कलम 16 च्या कारणांना 90 दिवसांची ही अट नाही. ती खरी असतील तर दाव्यात सुरुवातीलाच मांडा, म्हणजे नोटीस पडली तरी दावा उभा राहतो.

नोटीस तयार करायला येताना शेवटच्या दोन-तीन भाडेपावत्या, करारनामा असल्यास तो, सिटी सर्व्हे उतारा, नगरपालिकेची घरपट्टी पावती आणि भाडेकरूचे दोन्ही पत्ते आणा.