फोटोतला महाल कुठला? सेव्हिलचा अल्काझार की ग्रानादाचा अल्हाम्ब्रा

मावशीने घरच्या ग्रुपवर फोटो टाकला. रंगीत फरशांच्या भिंती, वर चुन्यातली जाळीदार नक्षी, मधोमध पाण्याचा लांब हौद. खाली लिहिलं होतं, 'अखेर अल्हाम्ब्रा पाहिला!' सहल होती सेव्हिलची. ग्रानादाला ती गेलीच नव्हती. काकांनी अंगठा दाखवला, कुणी बदाम पाठवला, आणि वाद तिथेच मिटला.

मावशीला हसण्यात अर्थ नाही. स्पेनच्या दक्षिणेला, आंदालुसियात, दोन दिवसांसाठी जाणारे निम्मे लोक या दोन महालांच्या फोटोंची अदलाबदल करतात. दोन्ही 'अरबी' दिसतात, दोन्हींत संगमरवरी खांब आणि झुळझुळतं पाणी, दोन्ही युनेस्कोच्या यादीत. खरा फरक मात्र असा आहे की ऐकल्यावर गोंधळ आधी वाढतो: अल्हाम्ब्रा मुसलमान सुलतानांनी स्वतःसाठी बांधला, तर सेव्हिलच्या अल्काझारमधला तो प्रसिद्ध 'अरबी' महाल एका ख्रिस्ती राजाने स्वतःसाठी बांधून घेतला.

आधी नावं. 'अल्काझार' म्हणजे अरबीतलं 'अल-कस्र', किल्लेवजा महाल. हे विशेषनाम नाही. आपण 'गढी' किंवा 'वाडा' म्हणतो तसंच. म्हणून तोलेदोला अल्काझार आहे, सेगोव्हियाला आहे, कोर्दोबालाही आहे. नुसतं 'अल्काझार पाहिला' म्हणणं म्हणजे पुण्याहून येऊन 'वाडा पाहिला' म्हणण्यासारखं. अल्हाम्ब्रा मात्र एकच: 'अल-हम्रा', म्हणजे लाल. तटबंदीचा तांबूस रंग पाहिला की नाव पटतं. स्पॅनिश माणूस 'ह' उच्चारतच नाही, त्यामुळे टॅक्सीवाल्याला 'आलाम्ब्रा' म्हणा.

आता गोष्ट, कारण सगळ्या गोंधळाचं मूळ त्यात आहे. 14व्या शतकात ग्रानादावर नसरी या मुसलमान घराण्याचं राज्य होतं आणि सेव्हिल कास्तियाच्या ख्रिस्ती राजाकडे, 1248 पासून. ग्रानादाचा सुलतान पाचवा मुहम्मद याला 1359 मध्ये घरच्यांनीच गादीवरून हाकललं. तो मोरोक्कोतल्या फेस शहरात जाऊन राहिला आणि 1362 मध्ये परतला, तो कास्तियाच्या पेद्रो राजाच्या मदतीने. परतल्यावर त्याने अल्हाम्ब्रात बांधला तो सिंहांचा महाल: 12 संगमरवरी सिंहांच्या पाठीवर कारंज्याचं तबक, आणि त्या तबकाच्या कडेवर इब्न जमरक या दरबारी कवीची कविता कोरलेली. त्याच सुमारास पेद्रोने सेव्हिलमध्ये आपला महाल काढला. त्यावर ग्रानादाच्या आणि तोलेदोच्या कारागिरांचे हात फिरले. दोन दोस्त, एकच दशक, एकाच परंपरेतले कारागीर. मग फोटोत फरक कसा कळणार?

ख्रिस्ती राज्यात मुसलमानी कलापरंपरेतून घडलेल्या या शैलीला 'मुदेखार' म्हणतात. पेद्रोच्या महालाचं दर्शनी तोंड पाहा. गॉथिक अक्षरांच्या पट्टीत लिहिलंय की कास्तिया आणि लेओनचा राजा डॉन पेद्रो याने हे महाल बांधवले, 'एरा 1402' मध्ये. (हा जुना स्पॅनिश शक. त्यातून 38 वजा केले की 1364 मिळतं. पंचांगातून शके आणि इसवी सन जुळवण्याची सवय असलेल्याला हे अवघड नाही.) आणि त्या पट्टीच्या आत, निळ्या फरशांवर, कूफी अरबी लिपीत, काय? 'अल्लाशिवाय विजेता नाही.' हे ग्रानादाच्या नसरी सुलतानांचं ब्रीदवाक्य. ते ख्रिस्ती राजाच्या दारावर! मला तरी अख्ख्या सेव्हिलमध्ये याहून विलक्षण काही दिसलं नाही. या पेद्रोला कुणी 'क्रूर' म्हणतं, कुणी 'न्यायी'. 1369 मध्ये सावत्र भावाने त्याला मारलं.

फोटो ओळखायच्या खुणा आता सांगता येतील. नक्षीत किल्ला आणि सिंह यांची चिन्हं दिसली तर सेव्हिल. ती कास्तिया आणि लेओनची. हौदाच्या दोन्ही बाजूंना जमिनीच्या पातळीखाली खोल बागेचे वाफे असतील आणि चौकाला वरचा मजला वेगळ्याच, इटालियन वळणाचा असेल, तर तो सेव्हिलचा 'कुमारिकांचा चौक'. तो मजला 16व्या शतकातला. खोल वाफे पुढे कित्येक शतकं संगमरवराखाली गाडलेले होते, ते अलीकडे उकरून काढलेत. उलट, हौदाच्या कडेने कापलेली मेंदीसारखी झुडपं आणि टोकाच्या भक्कम चौकोनी बुरुजाचं प्रतिबिंब पाण्यात उतरलेलं दिसलं तर तो अल्हाम्ब्रा. खिडकीबाहेर दरी आणि डोंगरउतारावरची पांढरी घरं दिसली तर प्रश्नच मिटला, कारण अल्काझारच्या खिडकीतून दरी कुठून दिसणार? तो सपाट शहराच्या मधोमध आहे, कॅथेड्रलच्या शेजारी.

दोन दिवसांच्या सहलीला याच गोष्टीने फरक पडतो. अल्हाम्ब्रा ही एक इमारत नाही, टेकडीवरची तटबंद वस्ती आहे: किल्ला, नसरी महाल, खेनेरालिफेच्या बागा, आणि मध्येच 16व्या शतकातला स्पेनचा राजा पाचवा कार्लोस याचा बाहेरून चौकोनी, आतून गोल असा अवजड राजवाडा. अर्धा दिवस सहज जातो. नसरी महालांत शिरण्याची वेळ तिकिटावर छापलेली असते, आणि मुख्य फाटकापासून तिथवर बरंच चालायचं असतं. ती वेळ चुकवू नका. तिकीट नावावर असतं, पासपोर्ट जवळ ठेवा. संध्याकाळी समोरच्या आल्बाइसिन वस्तीत, सान निकोलासच्या कट्ट्यावर जाऊन तोच महाल लांबून पाहायचा. मागे सिएरा नेव्हादा डोंगररांगेचा बर्फ. ग्रानादात पेयाबरोबर तापास, म्हणजे खाण्याच्या छोट्या बशा, बहुतेक ठिकाणी फुकट मिळतात. सेव्हिलमध्ये ही चैन नाही.

सेव्हिलमध्ये अल्काझार सकाळच्या पहिल्या तासात उरकावा आणि बाहेर पडून सरळ कॅथेड्रलमध्ये शिरावं. तिथला हिराल्दा बुरूज मुळात मशिदीचा मिनार. वर जायला जवळजवळ शेवटपर्यंत पायऱ्या नाहीत, चढण आहे; घोड्यावरून वर जाता यावं म्हणून, असं सांगतात. मग नदीपलीकडची त्रियाना वस्ती, फ्लामेंको नाच, 1929 च्या प्रदर्शनासाठी बांधलेला प्लासा दे एस्पान्या हा चौक. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र नको, पारा चाळिशी सहज ओलांडतो. रस्त्यांवरची संत्री तोडून खाऊ नका, कडू असतात. त्यांना तिथे 'नारांखा' म्हणतात: आपलंच 'नारंग', फारसी-अरबी वाटेने पोचलेलं.

एका शनिवार-रविवारात दोन्ही? गाडीने अडीच-तीन तासांचं अंतर आहे, म्हणून लोक मोहात पडतात. माझं मत: नको. दोन्ही महाल एकापाठोपाठ पाहिले की डोक्यात एकच नक्षी उरते. पाचव्या कार्लोसला घाई नव्हती. 1526 मध्ये त्याने पोर्तुगालच्या इसाबेलशी लग्न केलं सेव्हिलच्या अल्काझारमध्ये, आणि मग नवं जोडपं अल्हाम्ब्रात जाऊन काही महिने राहिलं.