दोन सेल, एक माणूस आणि गिअरचे दाते

रोबोकॉन या रोबो बनवण्याच्या स्पर्धेची गोष्ट टॉर्चच्या दोन मोठ्या सेलपासून सुरू होते. टोकियो तंत्रज्ञान संस्थेतले प्राध्यापक मासाहिरो मोरी यांनी १९८१ मध्ये विद्यार्थ्यांना अट घातली, की एवढ्याच सेलवर माणूस बसून धावेल अशी गाडी बनवा. जपानी वाहिनी एनएचकेने १९८८ मध्ये तंत्रमहाविद्यालयांची स्पर्धा सुरू केली, तेव्हा पहिला खेळही हाच होता.

तीन व्होल्टमध्ये माणूस हलवायचा कसा? छोटी मोटर मिनिटाला हजारो फेरे मारते, पण चिमटीत धरली की थांबते. तिच्या १० दातांच्या चाकाला ५० दातांचं चाक जोडलं, की वेग पाचवा हिस्सा उरतो आणि जोर पाचपट होतो. अशा दोन जोड्या लावल्या की पंचवीसपट. मात्र हा हिशेब कागदावरचा. प्रत्येक जोडी घर्षणाचा कर वसूल करते, आणि दोन सेलच्या गाडीला तोही परवडत नाही.

पुढे आशिया-पॅसिफिकमधल्या प्रसारण संस्थांची एबीयू रोबोकॉन २००२ मध्ये टोकियोत सुरू झाली आणि २००८ मध्ये पुण्यात आली. खेळाचं नाव ‘गोविंदा’. दहीहंडी, लोणी, सगळं रोबोंसाठी! इथे प्रश्न धावण्याचा कमी आणि उंची गाठण्याचा जास्त. एकात एक सरकणाऱ्या नळ्या दोरी-कप्पीने वर नेता येतात, पण वीज तोडली की वजन खाली घसरतं. म्हणून आपल्याकडच्या कॉलेजांची लाडकी वस्तू म्हणजे गाडीच्या वायपरची मोटर. तिच्यात मळसूत्री दांडा दातेरी चाक फिरवतो. चाकाला त्या दांड्याला उलटं फिरवणं सहसा जमत नाही, त्यामुळे उचललेला हात जिथल्या तिथे राहतो. किंमत मोजावी लागते ती विजेत: बरीचशी ताकद घासण्यातच जाते. तरी जुन्या बाजारात मिळणारी, अशी भरवशाची दुसरी मोटर दाखवा.

२०१४ मध्ये स्पर्धा पुन्हा पुण्यात झाली आणि व्हिएतनामच्या लाक होंग विद्यापीठाने जिंकली. त्या वर्षी पालक-रोबोने मूल-रोबोला खेळायला न्यायचं होतं: सी-सॉ, झोका, शेवटी जंगल जिम, म्हणजे चढायचा दांड्यांचा सांगाडा. इथे वायपर मोटरची सवय महागात पडण्यासारखी होती, कारण मुलाच्या अंगावर चढवलेला प्रत्येक गिअर पालकालाही उचलावा लागणार होता.