माझदा कॉस्मो स्पोर्ट

माझदा कॉस्मो स्पोर्ट ही जपानमधील हिरोशिमा येथील तोयो कोग्यो या कंपनीने (आजची माझदा) ३० मे १९६७ रोजी विक्रीस आणलेली दोन आसनी स्पोर्ट्स कार होय. दोन रोटरच्या (इंजिनात फिरणाऱ्या त्रिकोणी भागांच्या) रोटरी इंजिनावर चालणारी आणि विक्रीसाठी तयार झालेली ही जगातील पहिली मोटारगाडी मानली जाते. जर्मनीतील एनएसयू कंपनीची एका रोटरची स्पायडर १९६४ मध्येच आली होती. त्याच कंपनीची दोन रोटरची आरओ ८० मात्र कॉस्मोनंतर काही महिन्यांनी आली.

या गाडीचे मूळ हौसेत नव्हे, तर कंपनीच्या अस्तित्वाच्या चिंतेत आहे. १९६०च्या सुमारास तोयो कोग्यो मुख्यतः तीनचाकी मालवाहू गाड्यांसाठी ओळखली जात होती. परदेशी गाड्यांना देशाची बाजारपेठ खुली होण्यापूर्वी मोटार कंपन्यांचे मोजके गट करावेत, असा जपानच्या व्यापार व उद्योग मंत्रालयाचा विचार होता, आणि तो अमलात आला असता तर हिरोशिमाची ही मध्यम आकाराची कंपनी एखाद्या मोठ्या कंपनीत विरून गेली असती. इतर कोणाजवळ नाही असे तंत्रज्ञान हाती असल्याशिवाय आपला निभाव लागणार नाही, हे ओळखून अध्यक्ष त्सुनेजी मात्सुदा यांनी एनएसयूशी रोटरी इंजिनाचा परवाना करार केला. त्यास १९६१ मध्ये सरकारी मंजुरी मिळाली.

फेलिक्स व्हांकेल या जर्मन अभियंत्याच्या कल्पनेतून आलेल्या या इंजिनात वरखाली होणारा दट्ट्या नसतो आणि झडपाही नसतात. मध्ये किंचित दबलेल्या लंबगोल कक्षात फुगीर बाजूंचा त्रिकोणी रोटर फिरतो. त्याची तिन्ही टोके कक्षाच्या भिंतीला सतत लागून असल्याने भोवती तीन पोकळ्या तयार होतात आणि इंधन-हवेचे मिश्रण ओढणे, दाबणे, पेटवणे व धूर बाहेर टाकणे ही कामे त्यांत एकामागून एक होत राहतात. रोटरचा एक फेरा होतो तेव्हा मुख्य दंडाचे तीन फेरे होतात. कागदावर हे यंत्र अत्यंत देखणे आहे. प्रत्यक्षात त्याचे सारे यश रोटरच्या प्रत्येक टोकाशी बसवलेल्या एका अरुंद सीलपट्टीवर अवलंबून असते, कारण दोन पोकळ्यांमधील वायू एकमेकांत मिसळू न देण्याचे काम तीच करते.

जर्मनीहून आलेले एका रोटरचे इंजिन मंद गतीत इतके थरथरे की अभियंते त्याला विजेचे मालीशयंत्र म्हणत, आणि तेल जळून निघणाऱ्या दाट पांढऱ्या धुरामुळे त्याला पाठीवर जळती मोळी वाहणाऱ्या प्राण्याच्या जपानी लोककथेचे नावही पडले. याहून गंभीर दोष कक्ष उघडल्यावर दिसे. आतल्या क्रोमियमच्या गुळगुळीत मुलाम्यावर, कच्च्या रस्त्यावर पडतात तशा आडव्या लाटा उमटलेल्या असत. या खुणांना हिरोशिमात ‘सैतानाच्या नखांचे ओरखडे’ असे नाव मिळाले. एप्रिल १९६३ मध्ये केनिची यामामोतो यांच्या नेतृत्वाखाली स्वतंत्र संशोधन विभाग सुरू झाला, तो मुख्यतः या ओरखड्यांवर उपाय शोधण्यासाठी. विभागात ४७ अभियंते होते, आणि धन्यासाठी सर्वस्व पणाला लावणाऱ्या आको येथील ४७ रोनिन सामुरायांची आठवण त्यांना त्या आकड्यामुळे साहजिकच दिली गेली.

सीलपट्टी स्वतःच्या नैसर्गिक कंपनसंख्येने थरथरते आणि भिंतीवर घासण्याऐवजी उड्या मारत जाते, हे कारण त्यांच्या ध्यानात आले. पट्टीच्या टोकाजवळ एकमेकांना छेदणारी आडवी-उभी छिद्रे पाडताच कंपने बदलली आणि ओरखडे थांबले. विक्रीच्या गाडीसाठी मात्र कार्बनमध्ये वितळलेले ॲल्युमिनियम भरून तयार केलेली पट्टी निवडण्यात आली. थरथर कमी करण्यासाठी एकाऐवजी दोन रोटर घेतले आणि मंद गतीतही ज्वलन नीट व्हावे म्हणून हवा आत घेणारे मार्ग कक्षाच्या बाजूच्या भिंतीत आणले. माझ्या मते कॉस्मोचे खरे मोल तिच्या वेगापेक्षा या चार वर्षांच्या चिकाटीत आहे. विक्रीपूर्वी ६० गाड्या देशभरातील विक्रेत्यांकडे चाचणीसाठी देण्यात आल्या होत्या.

तयार गाडीचे इंजिन ९८२ घन सेंमी. क्षमतेचे व ११० अश्वशक्तीचे होते, तर वजन केवळ ९४० किग्रॅ. होते. प्रत्येक रोटरला दोन स्पार्क प्लग होते. गाडीची उंची जेमतेम ११६५ मिमी. होती, मागील दिवे बंपरच्या वर आणि खाली असे विभागलेले होते, आसनांवर काळ्या-पांढऱ्या चौकडीचे कापड होते, आणि अंतराळयुगाचे आकर्षण तिच्या नावातच होते. जुलै १९६८ मध्ये आलेल्या दुसऱ्या मालिकेत पुढील व मागील चाकांमधील अंतर १५ सेंमी.ने वाढवले गेले, शक्ती १२८ अश्वशक्तीवर गेली आणि पाचवा गिअर मिळाला. गाड्या बहुतांशी हाताने जोडल्या जात. पहिल्या मालिकेत ३४३ आणि दुसरीत ८३३, अशा एकूण १,१७६ गाड्या १९७२ पर्यंत तयार झाल्या.

इंजिनाच्या टिकाऊपणाबद्दलची शंका दूर करण्यासाठी कंपनीने ऑगस्ट १९६८ मध्ये जर्मनीतील न्युरबुर्गरिंग येथील ८४ तासांच्या शर्यतीत दोन कॉस्मो उतरवल्या. जपानी चालकांची गाडी ८२व्या तासाला मागील आसाच्या बिघाडामुळे बाद झाली, आणि बेल्जियन चालकांची गाडी चौथी आली. थांबलेल्या गाडीतही दोष इंजिनाचा नव्हता, ही बाब हिरोशिमासाठी चौथ्या क्रमांकाइतकीच मोलाची होती.

त्याच वर्षी फॅमिलिया रोटरी कूपे या तुलनेने स्वस्त गाडीतून हे इंजिन सामान्य ग्राहकांपर्यंत गेले, आणि १९७८ मध्ये आरएक्स-७ ही रोटरी इंजिनाची स्पोर्ट्स कार आली. १९९१ मध्ये ७८७बी या चार रोटरच्या गाडीने फ्रान्समधील ल मान्सची २४ तासांची शर्यत जिंकली आणि ती जिंकणारी माझदा ही पहिली जपानी कंपनी ठरली. त्या इंजिनातील सीलपट्ट्या सिरॅमिकच्या होत्या.