विझ्ला

विझ्ला : हंगेरीतील शिकारी कुत्र्याची एक जात. सावजाचा वास लागताच जागीच थांबून रोख धरणाऱ्या कुत्र्यांच्या गटात ती मोडते. बंदुकीच्या आणि ससाण्याच्या शिकारीत हा कुत्रा सारख्याच कौशल्याने काम करतो. आखूड केसांचा आणि राठ केसांचा असे दोन प्रकार असून आंतरराष्ट्रीय श्वान महासंघाने त्यांना स्वतंत्र जाती मानले आहे (मानक क्र. ५७ व २३९). आखूड केसांच्या नराची उंची ५८ ते ६४ सेंमी. व मादीची ५४ ते ६० सेंमी. असते. रंग तांबूस सोनेरी. हंगेरियन लोक त्याला ‘झेम्ले’ म्हणजे भाजलेल्या पावाचा रंग म्हणतात. नाक मांसाच्या रंगाचे असते, काळे चालत नाही.

उत्पत्तीविषयी मतभेद आहेत. नवव्या शतकाच्या अखेरीस कार्पेथियन खोऱ्यात उतरलेल्या मग्यार (हंगेरियन लोकांच्या पूर्वजांच्या) टोळ्यांनी हा कुत्रा सोबत आणला, असे मत लोकप्रिय लिखाणात वारंवार आढळते. त्याच्या पुष्ट्यर्थ चौदाव्या शतकातील हंगेरियन सचित्र बखरीतील कुत्र्याच्या चित्राकडे बोट दाखवले जाते. मग्यारांच्या दंतकथेतील ‘तुरुल’ हा शिकारी पक्षीच असल्याने ससाणा आणि कुत्रा ही जोडी प्राचीन मानण्याकडे कल असणे स्वाभाविक आहे. मात्र चित्रातल्या कुत्र्यावरून जात ठरवता येत नाही. दुसऱ्या मतानुसार तुर्की अंमलात (सोळावे-सतरावे शतक) आलेल्या पिवळ्या शिकारी कुत्र्यांचा स्थानिक कुत्र्यांशी संकर झाला. नावाच्या व्युत्पत्तीचाही असाच वाद आहे. काही जण ‘विझ्ला’चा संबंध शोधणे, तपासणे या अर्थाच्या हंगेरियन धातूशी जोडतात, पण पोलिश ‘विझेव’, चेक ‘विझ्ले’ हे शब्द पाहता स्लाव्ह भाषांशी असलेले नाते दुर्लक्षिता येत नाही. जुने स्थानिक रक्त मान्य केले, तरी आजची जात बव्हंशी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील व पहिल्या महायुद्धानंतरच्या निवडक पैदाशीतून घडली, हे मत अधिक ग्राह्य वाटते. त्या काळात इंग्लिश पॉइंटर व जर्मन पॉइंटर (रोख धरणाऱ्या इतर जाती) यांचे रक्त मिसळले गेले. राठ केसांचा प्रकार १९३० च्या दशकात जर्मन राठकेसी पॉइंटरशी संकर करून तयार झाला. काटेरी झुडपांत आखूड केसांच्या कुत्र्याला संरक्षण कमी मिळते आणि थंड पाण्यात तो लवकर गारठतो, हे त्यामागचे कारण.

ससाण्याच्या शिकारीत कुत्र्याची परीक्षा वेगळी असते. तित्तिर किंवा फेझंट दबून बसल्याचा वास येताच कुत्रा एक पाय उचलून, शेपूट ताठ करून थिजतो. मग बाजदार ससाण्याच्या डोक्यावरची टोपी काढून त्याला सोडतो. बहिरी ससाण्याला घिरट्या घेत उंची गाठायला काही मिनिटे लागतात. तेवढा वेळ कुत्र्याने जागचे हलायचे नाही. इशारा मिळाल्यावरच सावज उठवायचे. वरून झेपावणाऱ्या बहिरीचा वेग ताशी ३०० किमी.च्या वर जातो. बाजाची (गॉसहॉक) रीत निराळी : तो मनगटावरून थेट झेपावतो, म्हणून कुत्रा हाकेच्या अंतरात राहावा लागतो. सावज पडल्यावर ससाणा गवतात त्यावर पंख पसरून बसतो, पायातील घुंगरांवरून जागा कळते. कुत्र्याने तेथे पोहोचूनही दोन हात दूर थांबायचे असते. बंदुकीच्या शिकारीत मात्र तोच कुत्रा सावज तोंडात धरून आणतो. या दोन्ही सवयी एकाच जनावरात मुरवणे हेच खरे कसब, आणि त्यासाठी पिल्लूपणापासून पक्ष्याशी ओळख करून द्यावी लागते.

कुत्र्याची निवड करताना रान कसे आहे हे पाहावे लागते. इंग्लिश पॉइंटर उघड्या माळावर फार दूरवर धावतो. बहिरीसाठी ते सोयीचे, बाजासाठी नाही. स्पॅनियल जवळच सावज उठवतो, पण रोख धरत नाही. जर्मन राठकेसी जातीत कोल्ह्यासारख्या श्वापदावर तुटून पडण्याचा गुण जोपासला गेल्याने पक्ष्याजवळ अधिक जपावे लागते. विझ्ला मध्यम टप्प्यात फिरतो, धन्याकडे वळून पाहतो आणि स्वभावाने हळवा असतो. दरडावून शिकवल्यास तो कामच सोडतो.

ससाण्याची शिकार २०१० मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आली. हंगेरीचा समावेश २०१२ मध्ये झाला. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लास या ग्रंथात (बारावे शतक) श्येनविनोद (ससाण्याची शिकार) व सारमेयविनोद (कुत्र्यांविषयी) अशी स्वतंत्र प्रकरणे आहेत. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने शिकारीस बंदी आहे.