चेन, चान, तान, त्रान : एका चिनी आडनावाची तीन हजार वर्षं

सिंगापूरच्या मॅगझीन रोडवर ‘तान सी चोंग सू’ हे तान आडनावाच्या लोकांचं कुलमंदिर आहे. १८७६ ते १८७८ या काळात ते उभं राहिलं. पुढाकार होता तान किम चिंग आणि तान बेंग स्वी या दोन धनाढ्य व्यापाऱ्यांचा. दोघांचेही वडील मलाक्कात जन्मलेले, मूळ फुजियानचे. देवळात मुख्य मान मात्र चेन युआनग्वांग या थांग काळातल्या सेनाधिकाऱ्याचा आहे. इ.स. ७११ मध्ये तो दक्षिण चीनच्या डोंगरात लढताना पडला. त्याला मरून साडेअकराशे वर्षं झाल्यावर, समुद्रापलीकडच्या एका ब्रिटिश बंदरातल्या लोकांनी त्याच्या नावाने देऊळ बांधावं, याला कारण एकच. त्याचं आडनाव आणि त्यांचं आडनाव लिहिताना एकच अक्षर येतं.

उत्तर चीनमध्ये आणि आजच्या प्रमाणभाषेत त्याचा उच्चार ‘चेन’. ग्वांगझौ आणि हाँगकाँगकडच्या कँटोनीज बोलीत ‘चान’, दक्षिण फुजियानच्या होक्क्येन बोलीत ‘तान’, तायशानच्या लोकांत ‘चिन’, व्हिएतनाममध्ये ‘त्रान’. रोमन लिपीत ही पाच वेगळी घराणी वाटतात. अक्षरात लिहिलं की सगळी एका ओळीत येतात. या अक्षराच्या डाव्या अंगाला ‘कान’ म्हणून ओळखली जाणारी खूण असते आणि उजवीकडे ‘पूर्व’ दिशेचं चिन्ह. फोनवर आडनाव सांगताना चिनी माणूस म्हणूनच ‘कान-पूर्ववाला चेन’ असं सांगतो.

चीनमध्ये वांग, ली, झांग आणि लिऊ यांच्यानंतर पाचवा क्रमांक चेनचा. मुख्य भूमीवर पाच कोटींहून जास्त माणसं हे आडनाव लावतात. या आडनावाची कथा मात्र आकड्यांपेक्षा मोठी आहे, असं मला वाटतं. हजारो मैलांवर पसरलेल्या लोकांनी एका अक्षराशी नातं टिकवलं, आणि त्याच अक्षराने रक्ताचं नातं नसलेल्या कितीतरी जणांनाही आत घेतलं. या दोन्ही गोष्टी एकत्र पाहिल्या तरच हे आडनाव नीट समजतं.

सुरुवात होते आजच्या हनान प्रांतातल्या ह्वाययांगपासून. झोऊ राजांनी इसवी सनापूर्वी अकराव्या शतकात शांग राजवट उलथवली, तेव्हा प्राचीन आदर्श राजा शुन याचे वंशज म्हणवणारं एक घराणं त्यांच्या सेवेत होतं. त्या घराण्यातला यू अफू हा झोऊंच्या दरबारात कुंभारकामावरचा अधिकारी होता. राजा वू त्याच्या कामावर इतका खूश झाला, की त्याने आपली थोरली मुलगी त्याच्या मुलाला, क्वेई मानला दिली आणि चेन नावाचं छोटं राज्यही दिलं. मान पुढे ‘हू’ या मरणोत्तर नावाने ओळखला गेला. चेनच नव्हे, तर हू, युआन, त्येन या आडनावांचे बरेचसे लोकही त्यालाच मूळपुरुष मानतात. शुन राजा खरा की दंतकथेतला, हा वेगळा प्रश्न. चेन राज्य मात्र इतिहासातलं आहे. इ.स.पू. ४७८ च्या सुमारास बलाढ्य छू राज्याने ते कायमचं गिळलं. राज्य गेलं आणि त्याचं नाव लोकांनी आडनाव म्हणून आपल्याजवळ ठेवलं. चीनमधली बरीच जुनी आडनावं अशीच बुडालेल्या राज्यांच्या नावांवरून आली आहेत.

त्याआधीच या घराण्याची एक फांदी बाहेर पडली होती. इ.स.पू. ६७२ मध्ये चेनच्या राजाने आपल्याच युवराजाला ठार मारलं. युवराजाच्या जवळचा असलेला राजपुत्र वान जीव वाचवून पूर्वेकडच्या छी राज्यात पळाला. तिथल्या ड्यूकने त्याला मंत्रिपद देऊ केलं. परक्या मुलखात एवढं मोठं पद नको, असं म्हणून वानने कारागिरांवरच्या देखरेखीचं काम घेतलं. छीमध्ये त्याच्या वंशजांना ‘त्येन’ म्हणू लागले. त्या काळी चेन आणि त्येन हे उच्चार एकमेकांच्या अगदी जवळचे होते. हे निर्वासित घराणं पिढ्यानपिढ्या बळावत गेलं आणि इ.स.पू. ३८६ मध्ये झोऊ राजाने त्यांनाच छीचे अधिकृत राजे म्हणून मान्यता दिली. छीच्या काशाच्या भांड्यांवरच्या लेखांत मात्र हे राजे स्वतःचं आडनाव चेनच लिहितात, फक्त अक्षराच्या खाली ‘माती’ची खूण जोडून. तीन शतकं परक्या देशात काढली, तिथलं सिंहासन घेतलं, तरी लिहिताना जुनंच नाव.

इ.स.पू. २२१ मध्ये पश्चिमेकडच्या छिन राज्याने छीही जिंकलं. शेवटच्या राजाच्या मुलांपैकी एकाने त्येन टाकून पुन्हा चेन लावलं आणि तो यिंगछ्वान परगण्यात जाऊन राहिला, असं वंशावळी सांगतात. बारा वर्षांनी, इ.स.पू. २०९ मध्ये, एक चेन इतिहासात फार वेगळ्या वाटेने आला. चेन शेंग हा लोकांच्या शेतावर राबणारा मजूर. वेठीने सीमेवर नेत असताना पुरामुळे वाट अडली, उशिराला शिक्षा मृत्युदंडाची, तेव्हा त्याने बंड पुकारलं. राजे आणि सरदार काय जन्मानेच वेगळ्या बियाण्याचे असतात, हा त्याचा सवाल चीनमध्ये आजही पाठ असतो. त्याने राजधानी केली ती चेन नगरीत, म्हणजे त्याच ह्वाययांगमध्ये. तो सहा महिनेही टिकला नाही, पण छिन साम्राज्याला पहिला तडा त्यानेच दिला.

यिंगछ्वानचं नाव मोठं केलं ते हान काळातल्या चेन शि (इ.स. १०४–१८७) या साध्या पदावरच्या पण नीतिमान अधिकाऱ्याने. एका रात्री त्याच्या घरात चोर शिरला आणि तुळईवर लपला. चेन शिने ते पाहिलं, पण आरडाओरडा केला नाही. मुलानातवंडांना उठवून बसवलं आणि म्हणाला, वाईट माणसं मुळात वाईट नसतात, सवयीने तशी होतात, तो तुळईवरचा सद्गृहस्थ पाहा. चोर खाली उतरून पायाशी पडला, आणि चेन शिने त्याला दोन ठाणं रेशीम देऊन वाटेला लावलं. ‘तुळईवरचा सद्गृहस्थ’ हा चिनी भाषेत चोरासाठीचा वाक्प्रचार झाला. त्याचा नातू चेन छुन याने इ.स. २२० मध्ये अधिकाऱ्यांच्या नेमणुकीची नऊ श्रेणींची पद्धत आखली आणि ती पुढे काही शतकं चालली. तेव्हापासून ‘यिंगछ्वान’ ही चेन घराण्याची ओळख. आजही तैवान आणि मलेशियातल्या जुन्या घरांच्या दारावरच्या पाटीवर आडनावाऐवजी ही दोन अक्षरं दिसतात. राहणाऱ्यांनी हनान कधी पाहिलेलंही नसतं.

राजघराणंही झालं. तेलाच्या कोठारावर कारकुनी केलेला चेन बाश्येन सेनापती झाला आणि इ.स. ५५७ मध्ये त्याने आजच्या नानजिंगमध्ये राजवट स्थापली, तिचं नावही चेन. राजवटीचं नाव आणि राजाचं आडनाव एक, हे चीनच्या मोठ्या राजवटींत दुर्मीळ आहे. ५८९ मध्ये सुई फौजा राजधानीत घुसल्या, तेव्हा शेवटचा चेन सम्राट दोन राण्यांसह कोरड्या विहिरीत लपलेला सापडला.

आता मॅगझीन रोडवरच्या दैवताकडे. इ.स. ६६९ मध्ये थांग दरबाराने चेन झेंग या अधिकाऱ्याला दक्षिण फुजियानमधलं बंड मोडायला पाठवलं. त्याच्याबरोबर मुलगा युआनग्वांग आणि हजारो सैनिक होते. बाप वारल्यावर मुलाने सूत्रं हाती घेतली, ६८६ मध्ये झांगझौ जिल्हा वसवला, सैनिक तिथेच शेती करू लागले. स्थानिक लोकांना जिंकणारा सेनाधिकारी पुढच्या पिढ्यांसाठी ‘झांगझौ वसवणारा संतराजा’ झाला. झांगझौच्या लोकांनी तैवान आणि आग्नेय आशियात जाताना हा राजा बरोबर नेला.

फुजियानची बहुतेक घराणी आपलं मूळ हनानमधल्या गुशी गावी सांगतात. यावर सुंग काळातल्या झेंग छ्याओ या विद्वानाने (११०४–११६२) तेव्हाच बोट ठेवलं होतं. दहाव्या शतकात फुजियानवर राज्य करणारं वांग घराणं गुशीचं होतं, गुशीकरांना दरबारात मान होता, म्हणून सगळेच स्वतःला गुशीचे म्हणवू लागले, असं तो लिहितो. दक्षिणेत मूळचे युए लोक राहत होते. त्यातल्या अनेकांनी काळाच्या ओघात चिनी आडनावं घेतली. उत्तरेतही तेच घडलं. ४९६ मध्ये उत्तर वेई सम्राटाने आपल्या भटक्या टोळ्यांना चिनी आडनावं लावायला लावली, तेव्हा ‘होउमोचेन’ टोळीचे सगळे एका हुकमाने चेन झाले. म्हणून वंशावळ वाचताना ती खोटी ठरवण्याची घाई मी करणार नाही. पूर्वज कोण होते याबरोबरच, लोकांना पूर्वज म्हणून कोण हवे होते, हेही ती सांगते.

एकत्र राहण्याचा या घराण्याचा आदर्श सापडतो ज्यांगशी प्रांतातल्या दआनला. तिथलं ‘यीमन चेन’ कुटुंब तीनशेहून अधिक वर्षं वाटणी न करता राहिलं. माणसं तीन हजारांच्या वर, चूल एक, स्वतःची शाळा, स्वतःचे लेखी नियम. घरची शंभर कुत्री एका कुंडात खायची आणि एक जरी आलं नाही तरी बाकीची तोंड लावायची नाहीत, ही आख्यायिका आजही सांगितली जाते. १०६२ मध्ये सुंग सम्राटाने हे कुटुंब वेगळं करण्याचा हुकूम दिला. वंशावळींनुसार २९१ ठिकाणी त्यांची पांगापांग झाली. दक्षिण चीनमधली असंख्य चेन गावं आपला धागा त्या दिवसाशी जोडतात.

व्हिएतनाममध्ये हे आडनाव सिंहासनावर बसलं. फुजियानकडून आलेल्या मच्छीमारांच्या वंशजांनी, त्रान घराण्याने, १२२५ ते १४०० राज्य केलं आणि १२५८, १२८५ आणि १२८८ अशी तीनदा मंगोल स्वारी परतवली. शेवटच्या वेळी त्रान हुंग दाव याने बाक दांग नदीत लाकडी खुंट रोवून ठेवले आणि ओहोटीत मंगोल जहाजं त्यावर अडकवली. आज गुयेननंतर त्रान हेच तिथलं सर्वांत मोठं आडनाव आहे. ते लावणारा प्रत्येक जण चिनी वंशाचा नाही, आणि त्यांना तसं म्हटलेलं आवडणारही नाही. मंगोलांनी चीन जिंकला, पण याच घराण्याने त्यांना व्हिएतनाममधून हाकललं, हा त्यांचा अभिमान आहे.

आजच्या नकाशावर एक गोष्ट ठळकपणे दिसते. जिथून आडनाव निघालं त्या हनानमध्ये वांग, ली, झांग यांची गर्दी आहे. चेन सर्वांत मोठं आहे ते दक्षिणेत आणि किनाऱ्यावर : ग्वांगडोंग, झेजियांग, हैनान. चौथ्या शतकातल्या, आठव्या शतकातल्या आणि ११२७ नंतरच्या उत्तरेतल्या युद्धांनी माणसं यांगत्झी ओलांडून खाली ढकलली आणि दक्षिणेतल्या मोठ्या कुळांनी ती संख्या वाढवली. ग्वांगझौमधलं चेन कुलभवन १८९४ मध्ये पूर्ण झालं. ग्वांगडोंगच्या ७२ तालुक्यांतल्या चेन कुटुंबांनी त्यासाठी पैसा उभा केला, कारण सरकारी अधिकारी होण्यासाठीच्या परीक्षेला शहरात येणाऱ्या आपल्या मुलांना उतरायला जागा हवी होती. वर्गणी देणाऱ्या शाखांच्या पूर्वजांच्या पाट्या तिथे बसवल्या गेल्या. १९०५ मध्ये परीक्षाच बंद झाल्या. आज तिथे लोककलांचं संग्रहालय आहे. छपराच्या कण्यावरचे मातीचे रंगीत पुतळे पाहायला लोक मुद्दाम जातात.

तैवानमध्ये दर नऊ-दहा माणसांमागे एक चेन, क्रमांक पहिला. सिंगापूरमध्ये तान पहिलं. तिथलं तान तोक सेंग रुग्णालय १८४४ मध्ये ज्याच्या देणगीतून उभं राहिलं, तो तान किम चिंगचा बाप. रबराच्या धंद्यात श्रीमंत झालेल्या तान का की याने १९२१ मध्ये फुजियानला परत पैसा नेऊन शियामेन विद्यापीठ काढलं, आणि धंदा बुडत असतानाही ते चालवलं. मला या आडनावाच्या इतिहासातला हा माणूस सर्वांत मोठा वाटतो.

कँटोनीज चान आणि तायशानचे चिन अमेरिकेकडे गेले. मुंबईत माझगावला चिनी खलाशांचं ‘सी यप कून’ देऊळ आहे, त्याच्या नावातला सी यप म्हणजे तायशान ज्यात येतं तो चार तालुक्यांचा मुलूख. अमेरिकेत १८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांना बंदी घातली. १९०६ च्या भूकंपात सॅन फ्रान्सिस्कोची दप्तरं जळाली, तेव्हा तिथे जन्मल्याचा दावा करून अनेकांनी नागरिकत्व मिळवलं आणि ‘कागदोपत्री मुलगे’, म्हणजे फक्त कागदावर आपले असलेले मुलगे, बोलावून घेतले. त्यात कुणी कागदावर चिन झाला, तर कुणा चिनने खरं आडनाव कायमचं गाडलं. इंडोनेशियात उलट दिशेने दबाव आला. १९६६ नंतर सरकारने चिनी वंशाच्या नागरिकांना स्थानिक नावं घ्यायला सांगितलं, आणि अनेक तान कुटुंबांनी तानोतो, तानुविजाया अशी नावं केली, ज्यात पहिलं अक्षर ऐकू यावं.

जगात सर्वांत जास्त माहीत असलेला चान म्हणजे जॅकी चान. तो जन्माने या कुळाचा नाही. त्याच्या वडिलांचं आडनाव फांग. यादवीच्या धामधुमीत मुख्य भूमीवरून हाँगकाँगला पळताना त्यांनी ते बदलून चान घेतलं आणि मुलाला ही गोष्ट तो मोठा, प्रसिद्ध झाल्यावर सांगितली. जॅकीने स्वतः चान हेच नाव ठेवलं. त्याचा मुलगा इंग्रजीत चान लावतो आणि चिनी अक्षरांत फांग लिहितो.