आडनावाचं कुलचिन्ह वगैरे काही नसतं हो!

लंडनला जाऊन आलेले लोक हमखास 'अमुक आडनावाचं कुलचिन्ह' छापलेला कॉफीचा मग दाखवतात, स्मिथ असो की टेलर, दुकानात सगळ्यांचं तयारच. पण इंग्लंडमध्ये असं चिन्ह, म्हणजे ढालीवर काढलेलं 'कोट ऑफ आर्म्स', आडनावाला मिळतच नाही, ते एका माणसाला मिळतं आणि पुढे त्याच्या वंशजांना, मुख्यतः बापाकडून. म्हणजे शेजारी शेजारी दोन स्मिथ, एकाकडे आहे, दुसऱ्याकडे नाही, असं अगदी होऊ शकतं.

हे बघतं कॉलेज ऑफ आर्म्स, ही चिन्हं देणारी आणि नोंदवणारी संस्था, 1484 पासूनची. तिथले एक अधिकारी सर अँथनी वॅग्नर 1931 ला पोर्टकलिस पर्सुइव्हंट म्हणून खालच्या पायरीवर लागले, 1943 ला मधल्या पायरीवर, रिचमंड हेरल्ड झाले आणि 1961 ला गार्टर किंग ऑफ आर्म्स, म्हणजे तिथले सगळ्यात सीनियर. 'किंग' म्हटलं तरी राजा नाही आणि 'आर्म्स' म्हणजे हत्यारं नाहीत, ढालीवरची चिन्हं!

आणि सरकारी पैशावर ऐश? छे, गार्टरचा सरकारी पगार वर्षाला, हो वर्षाला, 49.07 पाउंड, बाकीची कमाई लोकांच्या वंशावळ्या शोधून. वॅग्नरसाहेब 1978 ला गार्टरपदावरून उतरले पण घरी नाही बसले, क्लॅरेन्सो किंग ऑफ आर्म्स, म्हणजे गार्टरच्या लगेच खालचे, म्हणून 1995 ला निधन होईपर्यंत तिथेच होते.